भरतीचा निरोप

किशोरनं डाव्या गालावरचा फेस काढला होता आणि उजव्या गालाला वस्तरा लावणार, एवढ्यात टीव्हीवर खुर्चीतल्या ओमप्रकाशच्या बायकोचं नाव आलं. कटिंगचं दुकान लहानच होतं, तीन खुर्च्यांचं. आरशाच्या वरच्या कोपऱ्यात टीव्ही, त्यावर अकोल्याच्या वाहिनीचा सकाळचा कार्यक्रम लागलेला, ‘सकाळची ओसरी’. निवेदक धर्मेंद्र नेहमीसारखा पितळी कप हातात धरून बसला होता आणि प्रेक्षकांचे निरोप वाचत होता. चांदूर रेल्वेहून कोणी लिहिलं, मोर्शीहून कोणी लिहिलं. मग तो म्हणाला, “अमरावतीहून आपल्या शेंदूरजनाघाटच्या माहेरवाशीण गीतांजली यावले लिहितात. आज एवढी थंडी पडली की अंगणात शेकोटी केली, शेकोटीत कांदे भाजले आणि भाकरीसोबत खाल्ले. भाऊ, तुम्ही आज काय खाल्लं?” धर्मेंद्र हसला, एक भुवई वर नेली, चहाचा घोट घेतला आणि पुढच्या निरोपाकडे वळला. ओमप्रकाश मान न हलवता बसून राहिला. गीतांजलीला जाऊन सात महिने झाले होते.

“या बाई मस्त लिवतात सर,” किशोर वस्तरा पुसत म्हणाला. “मधी दोन-तीन महिने बंद होत्या. आता पुन्हा सुरू झाल्या. आपल्या अमरावतीच्याच तं हायेत. ओळखता काय तुमी?”

“नाई,” ओमप्रकाश म्हणाला.

हे ‘नाई’ कुठून आलं ते त्याला कळलं नाही. दाढी झाली, तोंडाला तुरटी फिरली, किशोरनं खांद्यावरचा कपडा झटकला, आणि रस्त्यावर आल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण आपल्या मेलेल्या बायकोची ओळख नाकारून आलो. राजापेठेच्या चौकात रिक्षा उभ्या होत्या. एका रिक्षावाल्यानं त्याला ओळखून हात केला. पूर्वी असे चार-पाच हात रोज व्हायचे. आता अमरावतीच्या वाहिनीवरच्या त्याच्या सकाळच्या कार्यक्रमात दामिनी असते आणि ओमप्रकाश दुपारी एक वाजता कापूस, तूर, सोयाबीन आणि संत्र्याचे भाव वाचतो. दुपारी एक वाजता कोण टीव्ही पाहतं? ज्याला संत्री विकायची आहेत तो, आणि त्याला भाव आधीच फोनवर कळलेले असतात.

त्यानं स्वतःला समजावलं की भरतीचा निरोप असेल. हा धंद्यातला शब्द होता आणि तो त्याला चांगला माहीत होता. प्रेक्षकांचे निरोप कमी पडले की आतली माणसं दोन-चार मनानं लिहून टाकतात आणि खाली एखादं ओळखीचं नाव घालतात, म्हणजे कार्यक्रमात पोकळी राहत नाही. त्यानं स्वतः अमरावतीत अकरा वर्षं ‘चहा आणि बातम्या’ चालवताना शेकडो वेळा हे केलं होतं. वरूडच्या एका मास्तरांच्या नावानं तर त्यानं इतके निरोप लिहिले की मास्तर एकदा भेटल्यावर म्हणाले, मी बराच विचारी माणूस दिसतो. आजचा निरोप तसलाच होता, यात शंका नव्हती. अंगणात शेकोटी म्हणे. गीतांजली साईनगरातल्या दुसऱ्या मजल्यावर राहत होती, तिथे अंगण कुठलं? आणि कांदा ती खात नव्हती. चिरायची, फोडणीला घालायची, त्याच्या ताटात वाढायची, पण स्वतः लहानपणापासून तोंडात घेतला नव्हता. वासानंच मळमळायचं तिला. तर मजकूर खोटा होता. पण नाव? भरतीसाठी नाव हवेतून घेत नाहीत. जो नेहमी लिहितो त्याचंच नाव घेतात. किशोर म्हणाला होता, पुन्हा सुरू झाल्या. म्हणजे आधी होत्या. आणि यावले हे तर माहेरचं आडनाव. लग्नाला वीस वर्षं झाल्यावर, आधार कार्डापासून गॅसच्या पुस्तकापर्यंत सगळीकडे खेरडे झाल्यावर, ती तिथे जाऊन यावले झाली होती.

घरी येऊन तो खुर्चीवर बसला. या घरात आता सकाळ फार लांब असायची. मूलबाळ नव्हतं. अकरा वर्षं तो पहाटे पाचला उठून स्टुडिओत गेला, सात ते आठ बोलला आणि नऊच्या सुमारास परत आला. दार उघडताना गीतांजली म्हणायची, छान झालं. चहा ठेवायची, पेपर द्यायची. तो पेपर वाचायचा, कारण एक तास बोलून त्याचा घसा बसलेला असायचा आणि कोणाशी बोलायची इच्छा उरलेली नसायची. छान झालं. हे दोन शब्द म्हणजे त्याचा पगार होता, असं त्यानं तिच्या तेराव्याला आलेल्या लोकांना सांगितलं होतं. आता तो त्या दोन शब्दांना उलटसुलट करून पाहू लागला. एका पावसाळ्यात महापालिकेच्या खोदकामात केबल तुटली आणि त्या दिवशी त्यांचा कार्यक्रम कुठेच दिसला नाही. सात ते आठ अमरावतीभर काळा पडदा होता. तो चिडून घरी आला होता, काही न बोलता बूट काढत होता, आणि ती म्हणाली होती, छान झालं. तेव्हा त्याला वाटलं, आपल्याला बरं वाटावं म्हणून म्हणाली. किंवा थट्टा केली. तो हसला पण होता बहुतेक. आता सात महिन्यांनी, या थंड सकाळी, तो तिथेच खुर्चीत वाकून बसला आणि त्याला कळलं की तिला त्या काळ्या पडद्याचं माहीतच नव्हतं. केबल फक्त त्याच्या वाहिनीची तुटली होती. अकोल्याची वाहिनी डिशवर दिसत होती.

ओमप्रकाश जळणारा माणूस होता. हे त्याला ठाऊक होतं आणि गीतांजलीलाही ठाऊक होतं. दुसऱ्याचं चांगलं झालं की तो सगळ्यांत आधी फोन करून अभिनंदन करायचा, आणि फोन ठेवल्यावर त्याच्या पोटात कळ यायची. दामिनीला त्यानंच शिकवलं होतं, कॅमेऱ्याकडे कसं पाहायचं, श्वास कुठे घ्यायचा. गीतांजलीच्या दवाखान्यातल्या अकरा दिवसांत दामिनी त्याच्या जागी बसली, आणि तो परत आला तेव्हा मालक म्हणाले, तुम्ही जरा आराम करा, दुपारचं पाहा. तो दामिनीला म्हणाला, शाब्बास. आणि त्या दिवसापासून तिच्या प्रत्येक चुकीची तो मनात नोंद ठेवत होता. पण दामिनीवरचं जळणं वेगळं आणि धर्मेंद्रवरचं वेगळं. धर्मेंद्र आणि तो एकाच वर्षी, एकाच खोलीत, एकाच मळक्या निळ्या पडद्यासमोर बातम्या वाचायला लागले होते. धर्मेंद्रला अकोल्याहून बोलावणं आलं, तेव्हा ते आधी ओमप्रकाशला आलं होतं. तो म्हणाला होता, अकोल्याला काय जायचं, उन्हाळ्यात मरायला? धर्मेंद्र गेला. मग ती वाहिनी वाढली, पाच जिल्ह्यांत पोचली, आणि धर्मेंद्रचा फोटो एसटीच्या पाठीवर आला. एसटीच्या मागे गाडी चालवताना ओमप्रकाश मुद्दाम ओव्हरटेक करायचा. धर्मेंद्र नाकात बोलतो, धर्मेंद्र मान फार हलवतो, तो कप रिकामा असतो, हे तो जेवताना गीतांजलीला सांगायचा. ती ऐकून घ्यायची. एकदाच म्हणाली होती, रिकामा नसते, वाफ दिसते. तेव्हा त्यानं विचारलं नव्हतं, तुला वाफ कशी दिसली.

आणि आता धर्मेंद्र मुंबईला चालला होता, मोठ्या वाहिनीच्या सकाळच्या बातम्यांना. ही बातमी खुद्द अकोल्याच्या व्यवस्थापकानं, ललितभाऊंनी, परवाच फोनवर सांगितली होती आणि पुढे विचारलं होतं, त्याच्या जागेसाठी तुम्ही चाचणी देता का? गुरुवारी या. चौदा वर्षांनी तीच खुर्ची दुसऱ्यांदा त्याच्याकडे आली होती. दोन दिवस तो जमिनीवर नव्हता. म्हणून तर तो आज घरची दाढी सोडून किशोरकडे गेला होता. आता त्या खुर्चीत धर्मेंद्रच्या अंगाची ऊब होती आणि समोर ओमप्रकाशची बायको बसलेली होती.

त्यानं शेंदूरजनाघाटला फोन लावला. गीतांजलीचा मोबाइल त्यानं तिच्या भावाच्या मुलीला, आचलला, देऊन टाकला होता, कारण तो घरात वाजला की त्याला सहन होत नव्हतं. आचल म्हणाली, मामाजी, त्यातलं सगळं तर दुकानदारानं पुसून दिलं, तुम्हीच म्हटलं होतं. हो, त्यानंच म्हटलं होतं. बागेत तोडणी चालू होती, मागे माणसांचा आवाज येत होता. आचलनं विचारलं, काही पाहिजे होतं काय त्यात? तो म्हणाला, नाही, सहज.

मधले दोन दिवस कसे गेले ते त्याचं त्याला माहीत. भाव वाचताना तुरीचा भाव कापसाला लावला. दोन्ही दिवस सकाळी तो ‘सकाळची ओसरी’ लावून बसला, तिच्याच जागेवर, दिवाणाच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात, जिथे उशीला खोलगटपणा आला होता. तो धर्मेंद्रकडे तिच्या डोळ्यांनी पाहायचा प्रयत्न करत होता. काय आवडलं असेल? दात? तो पॉज घेतो ते? सोमवारी हा माणूस ‘गीतांजली’ म्हणताना नावाच्या शेवटी थोडा थांबला होता. ओमप्रकाश स्वतः तिला नावानं कधी हाक मारत नव्हता. ‘अवं’ म्हणायचा, किंवा ‘ऐकलं काय’. सहा वर्षं, आठ वर्षं, किती वर्षं कोण जाणे, एका परक्या माणसाच्या तोंडून तिनं आपलं माहेरचं नाव ऐकलं होतं, सगळ्या वऱ्हाडात ऐकू जाईल असं, आणि नवरा घरी यायच्या आत टीव्ही बंद करून चहाचं आधण ठेवलं होतं. याला काय म्हणायचं? यात वाईट काही नव्हतं. दहा हजार बाया निरोप पाठवतात. हे तो स्वतःला समजावत होता आणि समजावून झालं की कळ पुन्हा तिथेच उठत होती. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही. त्यानं ठरवलं, खुर्ची नंतर. आधी धर्मेंद्रला विचारायचं. तिनं लिहिलं होतं का, काय लिहिलं होतं, आणि तू तिला काय उत्तर दिलंस.

गुरुवारी बडनेऱ्याहून गाडी धरून तो अकोल्याला उतरला. वाहिनी गोरक्षण रोडला, फरशीच्या दुकानावरच्या दोन मजल्यांत होती. ललितभाऊंनी हात मिळवला, चाचणी बाराला आहे म्हणाले, तोवर बसा. धर्मेंद्र मेकअपच्या खोलीत होता. गळ्याभोवती टॉवेल, कपाळावर पावडर. त्याचा कार्यक्रम सकाळीच झाला होता, पण आता त्याच्या निरोप समारंभाचा भाग रेकॉर्ड करायचा होता.

“ये बे ओम्या,” तो आरशातूनच म्हणाला. “माही गादी घ्याले आला ना? घे लेका. तुह्यावाचून कोनाले शोभत नाई.” मग त्यानं आवाज खाली आणला. “वहिनीचं ऐकलं. फोन करनार होतो. राहूनच गेलं पाय.”

ओमप्रकाशनं मान हलवली. धर्मेंद्र दोनदा त्याच्या घरी जेवला होता. एकदा भरीत आणि एकदा पुरणपोळी. दोन्ही वेळा तो वहिनी वहिनी करत होता. धर्मेंद्र मुंबईबद्दल सांगत सुटला. तिथली एक बाई त्याला रोज फोनवर ‘ण’ म्हणायला शिकवते. पाणी म्हणा, लोणी म्हणा. चाळीशी उलटल्यावर शाळेत घातलं मला, असं म्हणून तो हसला. त्याच्या पापण्यांखाली काळं होतं, हे ओमप्रकाशनं पाहिलं आणि त्याला बरं वाटलं. मग त्यानं जमेल तितक्या सहज विचारलं, तुझ्याकडे निरोप बरेच येतात. अमरावतीच्या त्या गीतांजली यावले कोण?

धर्मेंद्रनं आरशात डोळे बारीक केले. “कोन?”

“गीतांजली यावले. शेंदूरजनाघाटच्या. सोमवारी तं वाचला तू.”

“असन बे. मले काय मालूम? कागद हाती आला का वाचतो. चष्मा लावू देत नाईत, मोठ्या अक्षरात लिवून देते बेबीताई. नाव संपेपर्यंत पयलं अक्षर इसरलो असतो मी.” आणि तो पुन्हा हसला. “काहून? लाइन मारते काय तिच्यावर?”

ओमप्रकाशच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती आग कशाची होती हे त्यालाही नीट सांगता आलं नसतं. दोन दिवस तो या माणसाचा गळा धरायला तयार झाला होता, कारण यानं आपल्या बायकोचं काहीतरी घेतलं आहे. आणि यानं घेतलंच नव्हतं. त्याच्या हातून ते रोज सकाळी खाली पडत होतं आणि त्याला पत्ता नव्हता. तिच्या हातचं भरीत दोनदा वाढून घेऊन खाल्लं आणि नाव विचारलं नाही. तिचं नाव वर्षानुवर्षं वाचलं आणि ती कोण ते विचारलं नाही. ज्याच्यावर जळायचं तो माणूस त्या लायकीचाही नव्हता. टॉवेलमध्ये गुंडाळलेलं, पावडर लावलेलं एक तोंड होतं ते फक्त. ओमप्रकाश उठला आणि म्हणाला, बेबीताई कुठे बसतात?

बेबीताई स्टुडिओच्या काचेमागच्या अरुंद खोलीत बसत होत्या. पन्नाशीच्या, साडीवर स्वेटर घातलेल्या, समोर एक मोबाइल चार्जिंगला लावलेला आणि पाठकोऱ्या कागदाच्या कापलेल्या पट्ट्या. जाड पेनानं त्या उद्याचे निरोप लिहून काढत होत्या. एकेक अक्षर सुपारीएवढं. ओमप्रकाशनं आपलं नाव सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, पाहिलंय तुम्हाला, अमरावतीचे ना. त्यानं धंद्यातल्या माणसाच्या सुरात सुरुवात केली. आमच्याकडेही निरोप कमी पडायचे, भरती मीच लिहायचो, तुमच्याकडे कोण लिहितं? त्या मोकळेपणानं म्हणाल्या, मीच. पण माझी भरती तशी नसते. मग त्यांनी आपली पद्धत सांगितली. कोणी नेहमी लिहिणारं माणूस एकदम गप्प झालं की त्या थोडे दिवस वाट पाहतात. मग त्याच्या नावानं एक निरोप सोडतात, आणि मुद्दाम चुकीचा. जे त्या माणसानं कधीच लिहिलं नसतं असं काहीतरी. ते ऐकून माणूस रागावतं आणि लगेच मेसेज करतं, मी असं कधी म्हटलं? बार्शीटाकळीचे एक गुरुजी असेच आठ महिन्यांनी परत आले होते, कारण त्यांच्या नावावर वांग्याची स्तुती गेली होती.

“मानूस चांगलं म्हटलेलं दूर बसून ऐकून घेते सर,” त्या म्हणाल्या. “खोटं म्हटलं का बोलल्याशिवाय राहत नाई.”

“सोमवारी कांदे सोडले तुमी.”

“हाव. गीतांजलीताईच्या नावानं. त्या कांदा खात नाईत ना. कांद्याचं नाव काढलं का ओकारी येते त्यायले.” बेबीताईंनी पेन खाली ठेवलं नाही, लिहिता लिहिताच बोलत होत्या. “तिसरी भरती हाये त्यायच्या नावाची. येकीले बी उत्तर नाई. असा राग धरनाऱ्या नाईत त्या. मले तं वाटते मोबाइलच बिघडला.”

ओमप्रकाश उभाच होता. इतकी वर्षं त्यानं रोज निधनाच्या बातम्या वाचल्या होत्या. नाव, वय, मागे कोण, अंत्ययात्रा किती वाजता. एका श्वासात दोन, कधी तीन. गीतांजलीची बातमी दामिनीनं वाचली होती. त्याला वाचावी लागली नव्हती, आणि नंतरही कोणाला सांगावं लागलं नव्हतं, कारण सगळ्यांना आधीच कळलेलं असायचं.

“मोबाइल नाई बिघडला,” तो म्हणाला. “मे महिन्याच्या अकरा तारखेले वारल्या त्या. कावीळ पोटात उतरली.”

पेन थांबलं. बेबीताईंनी वर पाहिलं. “तुमच्या कोन लागत?”

“माही बायको.”

त्यांनी पेनाला टोपण लावलं. हातातली पट्टी उचलून बाजूला ठेवली, मग पुन्हा आधीच्या जागी ठेवली. म्हणाल्या, “म्हंजे तीन डाव मी मेलेल्या मानसाले डिवचलं.” आणि मग, “दिसे कशी?”

हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. उंच होती, तो म्हणाला. सावळी. पुढचं सांगायला तो बराच वेळ शब्द शोधत राहिला, जसा कधी कॅमेऱ्यासमोर राहिला नव्हता. बेबीताई वाट पाहत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक हिशेब जुळत गेलेला त्याला दिसला. आमचे हे टीव्हीवर आहेत, असं ताई लिहायच्या, त्या म्हणाल्या. कोणत्या वाहिनीवर, नाव काय, ते कधी सांगितलं नाही. मी पण विचारलं नाही.

त्यानं विचारलं, त्या मोबाइलमध्ये जुने निरोप असतील ना? नव्हते. मोबाइल भरला की अडकतो, दर दोन महिन्यांनी पुसावा लागतो. काहीही शिल्लक नव्हतं. वाचायचे ते तर सर्वांनी ऐकलेच, बेबीताई म्हणाल्या, पण काही वाचायचे नसत. खाली ताई लिहायच्या, बेबीताई, हे फक्त तुमच्यासाठी. मी पण कधी माझं लिहायची. माझे यजमान गेले तेव्हा ताईंनी महिनाभर रोज सकाळी लिहिलं, उठा, तोंड धुवा, चहा प्या.

ओमप्रकाशला वाटलं होतं, धर्मेंद्र त्यातून निघाला की जळणं संपेल. पण आता ते या स्वेटर घातलेल्या बाईवर येऊन बसलं, आणि आधीपेक्षा जड. धर्मेंद्रकडे काही नव्हतं, हिच्याकडे होतं. ही तिला कधी भेटली नव्हती, हिनं तिचा चेहरा पाहिला नव्हता, आणि हिच्यापाशी त्याच्या बायकोची कित्येक वर्षं होती. वीस वर्षांत तिनं त्याला असं काही खाली लिहून दिलं नव्हतं, हे फक्त तुमच्यासाठी. त्याला वाटलं, या बाईच्या डोक्यात हात घालून सगळं ओढून न्यावं.

“ते सांगा मले,” तो म्हणाला. “जे वाचायचं नव्हतं ते.”

“त्यायनं वाचू नका म्हटलं होतं सर.”

“मी वाचत नाई. ऐकतो.”

बेबीताईंनी काचेतून पलीकडे पाहिलं. तिथे दोघेजण ओसरीचा खोटा खांब सरकवत होते. मग त्या त्याच्याकडे न पाहता बोलल्या. “त्या म्हनत, मी यायले टीव्हीवर पाहत नाई. सुरवातीले पाहे. मंग पाहवलं नाई. घरी आले का म्हनते, छान झालं. यायनं कधी विचारलं नाई, काय छान झालं.”

“काहून नाई पाहवलं?”

“हेवा वाटे म्हनत.”

“कोनाचा? दामिनीचा?” तेव्हा दामिनी कार्यक्रमात नव्हतीही, पण त्याच्या तोंडून तेच नाव निघालं.

“नाई बाप्पा. पाहनाऱ्यायचा.” बेबीताईंचा आवाज अगदी साधा होता, निरोप लिहून घेतल्यासारखा. “म्हनत, साऱ्या गावाले विचारतात, झोप झाली काय, चहा झाला काय, आज काय बेत हाये. इतकं गोड विचारतात का मले बी उत्तर द्यावं वाटते. मंग घरी येतात अन् पेपर उघडतात. म्हनत, बेबीताई, मी टीव्हीसमोर बसून येक दिवस उत्तर देल्लं, झाली झोप म्हटलं, अन् मंग मलेच लाज वाटली. तवापासून तुमचं लावते. तुमचा मानूस माह्या घरचा नाई, त्यानं कोनाले बी विचारलं तरी मले काई होत नाई.”

बाहेरून ललितभाऊंनी हाक दिली. बारा वाजले होते.

ओमप्रकाश स्टुडिओत गेला. त्याच्या शर्टाला माइक लावला, कोणीतरी कपाळ टिपलं. खुर्ची मऊ होती, तिची पाठ थोडी मागे कललेली. चौदा वर्षं तिचा राग केला होता आणि ती एवढीच होती. समोर कॅमेरा, कॅमेऱ्याखाली अक्षरं सरकणारा पडदा. ललितभाऊ काचेमागून माइकवर म्हणाले की पडद्यावरचं सगळं वाचायची गरज नाही. पहिलं मिनिट मनानं बोला, आमचा प्रेक्षक घरातला आहे, एका माणसाशी बोलल्यासारखं बोला. हे त्यानं दामिनीला शंभरदा शिकवलं होतं. एका माणसाशी बोल. तो स्वतः इतकी वर्षं कोणाशी बोलत होता ते त्याला आज नीट आठवलं. धर्मेंद्रशी. कुठूनतरी तो पाहत असेल आणि जळत असेल, म्हणून इतकं गोड.

लाल दिवा लागला. भिंगात त्याला स्वतःचा बारीकसा आकार दिसत होता, डोकं मोठं आणि खांदे लहान. पडद्यावर आलं, नमस्कार, शुभ सकाळ, मी ओमप्रकाश. त्यानं ते वाचलं नाही.

“झोप झाली काय?” तो म्हणाला.

टीव्हीवर विचारलेल्या प्रश्नानंतर थांबायचं नसतं. विचारायचं आणि लगेच पुढे जायचं, दोन सेकंदांच्या वर शांतता गेली की घरी माणसाला वाटतं, संच बिघडला. त्याला हे माहीत होतं. तो थांबला. तीन सेकंद गेले, चार गेले. काचेमागे ललितभाऊंनी हातानं गोल गोल खूण केली, चालू द्या, चालू द्या. पडद्यावरची अक्षरं सरकली, मागे गेली, पुन्हा पहिल्या ओळीवर आली. कॅमेऱ्यावरच्या माणसानं कॅमेऱ्याआडून डोकं बाहेर काढून पाहिलं. बेबीताई आपल्या जागी बसल्या होत्या आणि त्यांनी कुठलीही खूण केली नाही. दहा सेकंद झाले असतील. ही खुर्ची आता आपली होणार नाही, हे ओमप्रकाशला स्वच्छ कळत होतं. धर्मेंद्रच्या जागी कोणी तिसराच येईल, आणि त्याचा फोटो एसटीवर लागेल, आणि त्या दिवशी पुन्हा कळ येईल, तेही कळत होतं. “बोला सर,” कानात आवाज आला. तो बोलला नाही. प्रश्न त्यानं विचारला होता, आणि आता बोलायची पाळी त्याची नव्हती.